उद्यांसाठीं आज हरावें काय?

अमेरिकेंतील शिकागो शहरीं व्हाइट सॉक्स नांवाचा बेसबॉलचा एक जुना संघ आहे. २०२४ सालच्या हंगामांत त्यानें १६२ सामन्यांपैकीं १२१ गमावले. १९६२ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें १२० पराभवांचा जो उच्चांक केला होता (उच्चांक म्हणावा कीं नीचांक, हें वाचकांनींच ठरवावें), तो याप्रमाणें बासष्ट वर्षांनीं मोडला. अशा हंगामानंतर संघाच्या चालकांच्या तोंडीं ‘पुनर्रचना’ हा शब्द हटकून येतो. डिसेंबरांत संघाचा उत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, गॅरेट क्रोशे हा बोस्टनच्या संघास देऊन त्याच्या बदल्यांत चार होतकरू तरुण घेण्यांत आले. हातचें पीक द्यावें आणि बीं-बियाणें घ्यावें, असा हा व्यवहार. यांत नीति-अनीतीचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. पण तो आहे, आणि केवळ बेसबॉलपुरता नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम तेथील व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्लंडांतील फुटबॉलच्या अव्वल स्पर्धेंत तळाचे तीन संघ खालच्या वर्गांत ढकलले जातात. पराभवाची शिक्षा तेथें रोख मिळते. अमेरिकेंतील बेसबॉलच्या तीस संघांना हें भय नाहीं. उलट १९६५ सालापासून अशी पद्धति पडली कीं, ज्याची कामगिरी वाईट त्यानें नवे गडी निवडतांना पुढची पाळी घ्यावी. हेतु उदार, यांत शंका नाहीं. परंतु जो उपाशी दिसेल त्यास आधीं वाढूं असें यजमान म्हणूं लागला, म्हणजे पंगतींत मुद्दाम उपाशी दिसणारेहि निघतात. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोज संघानें २०११ पासून तीन वर्षें अनुक्रमें १०६, १०७ व १११ सामने गमावले, महागडे गडी दूर केले, तरुण जमविले, आणि २०१७ सालीं अजिंक्यपद मिळविलें. त्या वर्षीं कॅमेऱ्याच्या साहाय्यानें प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याबद्दल पुढें २०२० सालीं त्यास शासन झालें, ही गोष्ट निराळी. तोंवर मार्ग सर्वांच्या दृष्टीस पडला होता. २०२२ च्या करारानें पहिल्या सहा पाळ्या सोडतीनें ठरूं लागल्या, व नव्या नियमांमुळें १२१ पराभव पदरीं असलेल्या व्हाइट सॉक्सला २०२५ सालीं दहावी पाळी मिळाली. पराभवाचा भाव थोडा उतरला खरा.

याच संघाच्या इतिहासांत १९१९ सालचें एक काळें पान आहे. त्याच्या आठ गड्यांवर जुगाऱ्यांशीं संगनमत करून अजिंक्यपदाचे सामने हरल्याचा आरोप आला. १९२१ सालीं ज्यूरीनें त्यांस निर्दोष ठरविलें, तरी खेळाच्या अधिपतीनें त्या आठांवर जन्माची बंदी घातली. मैदानावर हरणें हें पाप, आणि कचेरींत बसून हरेल असाच संघ उभा करणें ही दूरदृष्टि, हें कसें? २०२४ चा हंगाम चालकांनीं बुद्ध्या घालविला, असें आम्ही म्हणत नाहीं. तो बहुधा नाकर्तेपणाचाच मामला होता. तथापि प्रश्न उरतोच. कोणी म्हणेल, त्या आठांचें कृत्य चोरीचें होतें, पुनर्रचना उघड असते. ते लांच खाऊन हरले, हे भावी विजयासाठीं हार पतकरतात. हा भेद आम्हांस मान्य आहे. तेवढ्यानें समाधान मात्र होत नाहीं.

कारण असें कीं, उद्यांसाठीं आज पोटाला चिमटा घेणें हें आपल्या घरांत पुण्य मानलें जातें, तें ज्याचें पोट त्यानेंच चिमटा घ्यावयाचा असतो म्हणून. बाप जुना कोट आणखी दोन हिवाळे घालून मुलाची फी भरतो. त्यानें शेजाऱ्याचा कोट विकून ती भरली, तर त्यास त्याग कोण म्हणेल? संघाच्या पुनर्रचनेंत आज खर्ची पडतो तो कोणाचा? मालकाचा नव्हे, महागडे गडी गेल्यानें त्याचा पगाराचा बोजा उलट हलका होतो. आज जातो तो तिकीट काढून आलेल्या माणसाचा, आणि ज्याच्या अंगांत खेळण्याचें बळ चारच वर्षें टिकणार अशा गड्याचा. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यास ‘पांच वर्षांनीं या, तेव्हां आपण जिंकूं’ असें सांगणें हें आश्वासन नव्हे, थट्टा आहे.

शेतकरी जमीन पड ठेवतो, मग संघानें कां ठेवूं नये, हा आक्षेप तुच्छ नाहीं. सुधारणेचें नांवच न घेतां वर्षानुवर्षें मधल्या पायरीवर रेंगाळणारे संघ आहेत, व त्यांचे प्रेक्षकहि सुखी नाहींत. पण पड जमिनीच्या बांधावर कोणी तिकीट काढून बसत नाहीं. आणि पीक येईलच अशी हमी कोठें आहे? २०१६ च्या डिसेंबरांत याच व्हाइट सॉक्सनें ख्रिस सेल हा डावखुरा पिचर याच बोस्टनला देऊन चार तरुण घेतले होते. २०१८ सालीं सेल बोस्टनकडून अजिंक्यपद जिंकला. शिकागोनें त्या वर्षीं १०० सामने गमावले. पुढें २०२० व २०२१ सालीं संघ अंतिम टप्प्याच्या स्पर्धेंत पोंचला आणि दोन्ही वेळां पहिल्याच फेरींत बाद झाला, दुसऱ्यांदा तर अ‍ॅस्ट्रोजकडूनच. २०२३ सालीं पुन्हां १०१ पराभव. म्हणजे एक संपूर्ण पुनर्रचना येऊन गेली, आणि आठ वर्षांनीं पुन्हां तोच महिना, तेंच बोस्टन, तसाच डावखुरा पिचर व तसेच चार तरुण!

आमचें म्हणणें एवढेंच कीं, गडी खुशाल बदलावे, परंतु चालूं हंगाम हा पुढील हंगामाची पायपुसणी समजूं नये. आणि उद्यांच्या नांवानें आज जी काटकसर व्हावयाची तिची झळ प्रथम मालकास लागावी. २०२५ सालीं व्हाइट सॉक्सनें ६० सामने जिंकले, म्हणजे आदल्या वर्षाहून १९ अधिक. तरी १०२ गमावलेच. त्या तरुणांचें पुढें काय होईल तें दिसेलच. आम्हांस मात्र २०२४ च्या सप्टेंबरचा अखेरचा आठवडा अधिक महत्त्वाचा वाटतो. १२० वा पराभव झाला तेव्हां सहा सामने उरले होते. त्यांत कांहीं मिळवावयाचें नव्हतें, नवा नीचांक होण्याचें तेवढें भय होतें. कॅलिफोर्नियाहून आलेल्या एंजल्स संघास त्यांनीं स्वतःच्या मैदानावर तिन्ही दिवस हरविलें. डिट्रॉइटला १२१ वा पराभव झालाच. त्यानंतर उरलेले दोन्ही सामने त्यांनीं जिंकले.