अंजनाची कैफियत

भाद्रपद चतुर्थीच्या सकाळी आमची आजी शेताच्या बांधावर ओणवी होऊन कोवळ्या एकवीस दूर्वांची जुडी बांधी, आणि वैशाखात त्याच बांधालगत आजोबा तीच वनस्पती, 'हरळी' हे नाव देऊन, कुदळीने काशांसकट उकरीत व उन्हात वाळवून जाळीत. कारण तिचे बोटभर पेर मातीत राहिले तरी मृगाच्या पावसाबरोबर ती सगळे वावर पुन्हा काबीज करी. गणपतीच्या मस्तकी चढणारी आणि कुदळीखाली मरणारी ती एकच, हे उमगल्यावर एक प्रश्न मनात घर करून बसला: गवताच्या ठायी पाप असू शकते काय, आणि नसेल तर त्याचा उच्छेद माणसाने कोणत्या अधिकाराने करावा?

हाच प्रश्न अमेरिकेच्या ॲरिझोना संस्थानात, टूसॉन शहराभोवतीच्या सोनोरन वाळवंटात, आपल्या ओळखीच्या एका गवतावरून उभा राहिला आहे. आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंतच्या कोरड्या मुलखाचे जे मूळचे रहिवासी, दख्खनच्या माळावर ज्याला अंजन आणि मारवाडात धामण म्हणतात, आणि ज्याच्या सुधारित जाती जोधपूरच्या संशोधन संस्थेने मुद्दाम निपजविल्या, त्या गवताला तिकडे 'बफेल' म्हणतात. गुरांना चारा मिळावा आणि उघडी जमीन वाहून जाऊ नये, या सद्हेतूने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या सरकारी मृदसंधारण खात्याने ते आफ्रिकेतून आणविले, आणि 2005 साली त्याच संस्थानाच्या दप्तरी त्याची नोंद उपद्रवी तण म्हणून झाली. (आग्नेय भागातील अस्सल कुरणांत लेहमन नावाच्या दक्षिण आफ्रिकी गवताने हीच कथा घडविली, तोही पाहुणा बोलावूनच आणलेला.)

त्या वाळवंटात झाडाझुडपांमध्ये जी उघडी जागा असते तीच त्याची तटबंदी होय, कारण आगीला तिथून पुढे वाटच नसते. अंजनाने ती जागा भरून काढली, वाळले, पेटले, की त्याचे स्वतःचे बुंधे पावसानंतर पुन्हा फुटतात. परंतु सग्वारो हे महाकाय निवडुंग, ज्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-साठ वर्षे लागतात आणि ज्याला तिथले मूळचे तोहोनो ओओदम लोक झाड न मानता माणसांतलेच एक मानतात, ते मात्र उभ्या उभ्या भाजून निघते. ऐन उन्हाळ्यात त्याची फळे उतरविण्यापासून या लोकांचे नवे वर्ष सुरू होते.

म्हणून टूसॉनचे नागरिक सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन डोंगर चढतात. बुंध्याखाली पहार घालून तरफेसारखी दाबली की ठोंब मुळांसकट उचकटतो. माती झटकताना तपकिरी, केसाळ कणसाचे कुसळदार दाणे बोटांना, मोज्यांना, बाह्यांना चिकटतात, आणि ते वाटेत सांडू नयेत म्हणून कणसे पिशवीत भरून खाली उतरवावी लागतात. जिथे पहार पुरत नाही तिथे औषध फवारतात. पण ते पावसानंतर गवत हिरवे असेतोवरच लागू पडते, आणि ती मुदत काही आठवड्यांचीच असते.

जैन आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार वर्ग केले आहेत. अंजनाचा वध विरोधी हिंसेत, म्हणजे आक्रमकाच्या प्रतिकारात, घालण्याचा मोह होतो. परंतु गवताची कैफियत ऐकून घेतली तर ते म्हणेल की, मी चालून आलो नाही, मला आणले. आणि रुजणे हा माझा स्वधर्म मी इथेही पाळला. ही कैफियत मला बिनतोड वाटते. त्याला 'शत्रू' किंवा 'परका' म्हणणे मला म्हणूनच रुचत नाही. ही विशेषणे गवतावरून माणसांवर सरकायला वेळ लागत नाही.

मनूशी माझे इतर बाबतींत फारसे जमत नाही. तरी त्याच्या अकराव्या अध्यायात, नांगरटीत उगवलेल्या वा रानात आपोआप आलेल्या वनस्पती वृथा तोडणाऱ्याने एक दिवस केवळ दुधावर राहून गाईमागून फिरावे, असे प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि त्यातील 'वृथा' या शब्दापाशी मी थबकलो. तोडणे सर्वस्वी निषिद्ध नाही, विनाकारण तोडणे निषिद्ध आहे. आणि इथे तर प्रकरणच उलटे झाले आहे. गाईसाठीच आणलेल्या गवताने झालेली हानी निस्तरण्यासाठी माणसाला ते उपटत फिरावे लागत आहे. हा दंड गवताला नव्हे, आणणाऱ्याच्या वारसांना झालेला आहे, आणि तो त्यांनी द्वेष न बाळगता, परंतु टाळाटाळही न करता भोगावा, असा माझा कौल आहे. निसर्ग आपले आपण पाहून घेईल, असे म्हणून हात झाडणाऱ्याला मी अहिंसक म्हणणार नाही; त्याने कर्ज बुडविले आहे.

अंजनाचे बी मातीत काही वर्षे जिवंत राहते, म्हणून एकदा निर्मळ केलेला उतार पुढच्या पावसानंतर, आणि त्याच्याही पुढच्या पावसानंतर, पुन्हा चढावा लागतो. आणि ज्याच्यासाठी ही सारी यातायात, ते सग्वारोचे रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक-दीड इंच वाढते.