भावाच्या सौद्यावर सौदा



२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीत घर पाहणारा माणूस किंमतीआधी विचारतो, येथे पाणी किती चढले होते? म्हणून उंचावरच्या एकेका घरामागे अनेक खरीददार लागतात. साताऱ्यात २०२० साली नगरपालिकेची हद्द वाढली, शाहूपुरी, विलासपूर शहरात आले. तेथेही चांगल्या घरासाठी चढाओढ असतेच.

चढाओढ हा गुन्हा नव्हे. सौदा ठरण्यापूर्वी उघड बोली लावण्यास शरीयतची हरकत नाही. परंतु भाव ठरला, कोणी पत्नीचे दागिने मोडून इसार दिला, आणि मग तिसरा माणूस दोन लाख वाढवून मालकाच्या दारी गेला, तर? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भावाच्या सौद्यावर सौदा करण्यास मनाई केली आहे. घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, म्हणजे 'नज्श', तेही निषिद्ध आहे. दुसरे गिऱ्हाईक थांबले आहे, ही दलालाची थाप त्याच जातीची.

कोणी म्हणेल, खरेदीखत कुठे नोंदले होते? कायद्याने मालकी बदलली नसेल. पण करार पाळण्याची आज्ञा सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. मुसलमानाचा शब्द निबंधकाच्या शिक्क्याची वाट पाहत नाही. तरीही व्यवहार लेखी करावा, म्हणजे विसरण्यास आणि मोहास जागा उरत नाही.

मदीनेत हजरत अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या वाड्यात होत्या. साद चार हजार दिरहमच देणार होते, तेही हप्त्यांनी. बाहेरून पाचशे दीनार, म्हणजे त्याहून अधिक, मिळत होते. तरी अबू राफे यांनी खोल्या सादना दिल्या. कारण निकटतेमुळे शेजाऱ्याचा हक्क मोठा, हे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. ही घटना सहीह बुखारीत आहे. तोटा त्यांना दिसत होता. हक्क त्याहून स्पष्ट दिसत होता.

विक्रेत्यांनो, भिंतीवरची पुराची खूण रंगाखाली झाकू नका. दोष सांगून केलेल्या व्यवहारात बरकत असते, लपवल्यास ती पुसली जाते, अशी प्रेषितांची शिकवण आहे. आणि खरीददारांनो, ज्या घराचा शब्द दुसऱ्याला दिला गेला आहे, तेथून परत फिरा. एखाद्या कुटुंबाच्या उसाशावर उभ्या राहिलेल्या भिंतींत नमाज पढताना मन शांत राहील का?

अल्लाह तआला आपणांस हलाल निवारा आणि दिलेला शब्द पाळण्याचे बळ देवो. आमीन.