मधली प्रत

मनुष्यास किती पुरे, हा प्रश्न तत्त्वज्ञांनीं अन्नाविषयीं विचारला, द्रव्याविषयीं विचारला. आमच्यापुढें तो परवां सायकलीच्या निमित्तानें उभा राहिला. आमच्या भाच्यास नोकरी लागून वर्ष झालें. शर्यतीच्या बांध्याची, खालीं वळलेल्या हँडलाची सायकल घ्यावी असें त्याच्या मनांत फार दिवस होतें. सांगाडा ठरला, पण त्यावर ग्रुपसेट कोणता चढवावा, येथें घोडें अडलें. ग्रुपसेट म्हणजे दातेरी चक्रें, साखळी, गिअर बदलणारीं डिरेलरें, हँडलावरील खटके व ब्रेक यांचा एकमेळाचा संच. "मामा, मधला घेऊं," तो म्हणाला, "मध्यम मार्ग केव्हांहि चांगला."

हें ऐकून कोणाहि वडीलधाऱ्या माणसास समाधान वाटावें. आम्हांसहि क्षणभर वाटलें. पण मधला म्हणजे कशाच्या मधला? जपानांत साकाई येथें 1921 सालीं निघालेल्या शिमानो कारखान्याच्या मालाची उतरंड पाहा. शिखरावर ड्युरा-एस, त्याखालीं अल्टेग्रा, मग 105, आणि त्याखालीं टियाग्रा, सोरा, क्लॅरिस अशा प्रती वर्षानुवर्षें चालत आल्या. यांत 105 ही मधली म्हणून सर्वत्र मान्यता पावलेली. परंतु मागच्या चाकावर बारा दातेरी चकत्या असलेलें 105 जेव्हां 2022 सालीं प्रथम निघालें, तेव्हां तें केवळ बॅटरीच्या विजेवर चालणारें होतें; तारेनें गिअर बदलणारें तसेंच 105 यावयास 2023 साल उजाडावें लागलें. कारखानदारानें वरचें टोंक उचललें कीं मध्यहि आपोआप वर सरकतो. आणि गिऱ्हाईक मात्र आपण होतों तेथेंच आहों अशा समजुतीनें अधिक पैसे मोजतें. दुकानांतला मध्य दुकानाचा असतो.

ॲरिस्टॉटलनें ही गोष्ट स्वच्छ सांगून ठेविली आहे. दहा फार व दोन थोडे, म्हणून सहा हा मध्य, हें झालें अंकगणित. माणसाचा मध्य असा निघत नाहीं. मायलो मल्लास जो आहार अपुरा पडेल, तोच तालमींत नुकत्याच आलेल्या पोरास अति होईल. तेव्हां उतरंड बाजूस ठेवून आम्ही भाच्याच्या पायांचा विचार करूं लागलों.

त्याला जावयाचें कोठें? आठवडाभर कचेरीला, आणि रविवारीं सिंहगड किंवा खंबाटकीचा घाट. चढावर कामास येतो तो सर्वांत हलका गिअर. पुढें चौतीस दाते व मागेंहि चौतीस, म्हणजे पायाच्या एका फेऱ्यास चाकाचा एक फेरा. ही सोय 105 मध्यें मिळते, आणि दहा चकत्यांच्या टियाग्रांतहि होती. विजेवरचें 105 सोडून अल्टेग्रा घेतलें, तर वजन सुमारें पाव किलो उतरतें. बाटलींतलें पावलिटर पाणी पिऊन टाकलें तरी सायकल तितकीच हलकी होते!

मात्र एवढ्यावर निकाल देणें बरें नव्हे. उत्तम हत्यार ही चैन, असें म्हणणारे बहुधा हत्यार हातीं न धरणारे असतात. चांगली पटाशी सुताराचा हात घडविते, सुरेल सतार शिकणाऱ्याचा कान घडविते. फ्रान्सच्या प्रसिद्ध 'टूर' शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याचें साधन म्हणजे स्वाराच्या पुरुषार्थास कमीपणा वाटे. तिकडे सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही डोंगरवाटांवर हिंडून त्याच साधनाचा हिरीरीनें पुरस्कार करीत. टूरमध्यें डिरेलरला मोकळीक मिळाली ती 1937 सालीं. आणि त्यानंतरचे स्वार नेभळट झाले असें कोणी म्हणत नाहीं. सोसणें म्हणजेच सद्गुण, हा समज जितका खोटा, तितकाच खोटा स्वस्त तेंच सात्त्विक हा. काटकसर कधीं कधीं समाधानाचें सोंग घेते, आणि तें सोंग आपल्या मध्यमवर्गांत विशेष शोभून दिसतें.

आणि आम्हीं तरी काय केलें? कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं सर्वांत वरची प्रत घेतली. पाऊस आला कीं ती सायकल घरांत राही, आणि आम्ही जुन्या सायकलीवर भिजत जात असूं. वाटेंत चहास थांबलों कीं चहा निवून जाई. लक्ष सारें, आपल्या सायकलीकडे कोण पाहतो याकडे. पाहणारे बिचारे आपल्या चहांत गुंतलेले असत.

हें सारें ठाऊक असूनहि दुकानांत उभे असतां आमच्याच तोंडून निघून गेलें, "उरलेले पैसे आम्ही घालतों, अल्टेग्राच घे."

"कोणासाठीं, मामा?" त्यानें विचारलें. त्याच्या आवाजांत टोमणा नव्हता. त्याला खरोखरच समजलें नव्हतें, आणि आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्यानें तारेचें 105 घेतलें. टियाग्रावरहि भागलें असतें, असें आम्हीं सुचवून पाहिलें. तेव्हां तो म्हणाला कीं बारा चकत्यांत गिअर एकमेकांस जवळ बसतात, उताराहून चढावर येतांना पायांस हिसका बसत नाहीं, आणि तेवढ्याचे पैसे देण्यास आपण खुशी आहों. तार तुटली तर ती आपणच घालावी, म्हणून दुकानदाराकडून तेंहि शिकून घेतलें.

गेल्या रविवारीं तो सिंहगडास जाऊन आला. एका वळणावर सर्वांत हलका गिअरहि पुरेना, तेव्हां खालीं उतरून कांहीं पावलें चालला, आणि पुन्हां बसला. त्यांत सांगण्यासारखें कांहीं आहे असें त्याला वाटलें नाहीं. घाम पुसतां पुसतां तो आम्हांस वरच्या पिठलें-भाकरीविषयींच सांगत होता.