खिडकीजवळचं बाक

मराठवाड्यातल्या एका गावाच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा या गावानंही समिती नेमली, बरेच जुने वाद मिटवले आणि पाटी लावली. एक वाद मात्र राहिला. दोन सख्ख्या भावांचा, बांधाचा. थोरला म्हणे, धाकट्यानं बांध कोरला. धाकटा म्हणे, थोरल्यानं बांधावर भर घालून पाणी अडवलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद, सणवार वेगळे.

आणि या दोन घरांतली मुलं, गणेश आणि प्रसाद, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच वर्गात. सातवीत.

जूनमध्ये शाळा उघडली आणि आठवड्याच्या आत दोघं एकमेकांच्या उरावर बसले. कारण काय, तर खिडकीजवळचं पहिलं बाक. गणेशच्या शर्टाची बटणं तुटली, प्रसादचा ओठ फुटला, वर्गात दोन तट पडले.

बाई त्याच वर्षी बदलून आल्या होत्या. अशा वेळी शाळेत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ‘सॉरी म्हणा, हात मिळवा.’ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी असे हात मिळवलेत. हात मिळतात, आणि उरलेली मारामारी शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीमागे पुरी होते. मोठ्यांना तेवढ्यापुरती शांतता मिळते, मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

बाईंनी आधी ओठ पुसला, दोघांना पाणी दिलं आणि व्हरांड्याच्या दोन टोकांना बसवलं. संतापलेल्या मुलाला लगेच विचारलं तर तो फक्त आरोप करतो, कारण सांगत नाही. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर त्यांनी दोघांना लिंबाखाली बोलावलं.

“नियम एकच. प्रसाद बोलेल. गणेश, तू लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी त्याचं म्हणणं तू सांगायचं. तो ‘हो, असंच’ म्हणाला, की मग तुझी पाळी.”

हा नियम बाईंनी शोधलेला नव्हता. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये तो मांडला होता, आणि ऐकायला सोपा वाटला तरी करून पाहिला की फार कठीण जातो, हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं. लिंबाखाली तेच झालं.

“मला त्या बाकावर बसायचंय. हा मुद्दाम बसतो,” प्रसाद म्हणाला.

“हा म्हणतो, बाक ह्याच्या बापाचं हाय.”

“मी असं म्हणलोच न्हाई!”

“परत सांग, गणेश.”

गणेशनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. “ह्याला तिथं बसायचंय. मी मुद्दाम बसतो, असं ह्याला वाटतंय.”

“हो,” प्रसाद म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता.

“पण तेच बाक का रे?” बाईंनी विचारलं.

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, “तिथनं अंगणवाडी दिसती. चिंगीला यंदा घातलंय. ती रडत दारात येती. मी दिसलो न्हाई की फाटकाकडं पळती. फाटकाम्होरं रस्ता हाय.”

आता ते गणेशनं सांगायचं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. “चिंगी रडती?” चिंगी त्याचीही बहीणच. घरं बोलेनाशी झाल्यापासून त्यानं तिला जवळून पाहिलं नव्हतं.

गणेशचं कारण निघालं डोळ्यांचं. मागच्या बाकावरून फळ्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळत. घरी सांगितलं तर चष्मा लागेल, आणि चष्मा लागला की पोरं ‘ढापण्या’ म्हणतील. म्हणून पुढं बसायचं आणि गप्प राहायचं, असा त्याचा बेत होता.

त्या बाकावर दोघं बसू शकतात, हे पहिल्या दिवसापासून सगळ्या वर्गाला दिसत होतं. बाईंनी तसं फर्मावलं असतं तर दोघांनीही मान हलवली असती आणि मध्ये दप्तरांची भिंत घातली असती. आता गणेशच म्हणाला, “तू खिडकीकडं बस. मला अलीकडची बाजू चालती.” पुढं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं, तेव्हा बाईंनी गणेशला सगळ्यांत आधी पुढं केलं. चष्मा लागलाच.

त्यानंतर बाईंनी सातवीतली मुलं जोडीजोडीनं तयार केली. लहान वर्गांतलं भांडण आलं, की जोडीनं ते लिंबाखाली ऐकायचं. निकाल द्यायचा नाही, कोण चुकलं ते बोलायचं नाही, दोघांकडून एकमेकांचं म्हणणं वदवून घ्यायचं आणि ‘मग आता काय करायचं?’ हे त्यांनाच विचारायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये 1980 च्या दशकातच मुलांनी मुलांचे तंटे ऐकायची पद्धत सुरू झाली होती. आपल्याकडे मात्र मुलांचं भांडण म्हणजे अभ्यासाचा खोळंबा, असंच धरलं जातं. मला वाटतं, तोच खरा अभ्यास आहे. भूगोलाच्या तासाला नकाशा लागतो, तसं हे शिकायला भांडण लागतं. ते मुलं स्वतःच घेऊन येतात.

सगळं जमायचंच असं नव्हे. लंगडीच्या डावावरून चौथीतल्या दोन मैत्रिणी अडून बसल्या त्या बसल्याच. जोडीनं शेवटी ‘उद्या बघू’ म्हणून सोडून दिलं, आणि बाईंनीही ते मान्य केलं. पण एकदा सहावीतला एक दांडगा मुलगा तिसरीतल्या पोराकडून रोज पैसे काढून घेतो, असं कळलं. जोडीनं दोघांना समोरासमोर बसवायची तयारी केली होती. बाईंनी तिथंच थांबवलं. “हे भांडण नाही. एक मारतो, एक भितो. भिणाऱ्याला मारणाऱ्यासमोर बसवून काय बोलायला लावणार? हे माझ्याकडे आणायचं, लगेच.” त्यांनी पैसे परत करवले, त्या मुलाच्या घरी गेल्या, आणि तिसरीतल्या पोरावर कित्येक दिवस लक्ष ठेवलं. हा फरक मुलांना आधी शिकवायला हवा. नाहीतर समेटाच्या नावाखाली दुबळ्यालाच नमतं घ्यावं लागतं.

तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आबा नातवाला न्यायला यायचे, तेव्हा लिंबाखालचं हे बसणं पाहायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही भावांना पारावर बोलावलं. समितीनं याआधीही बोलावलं होतं आणि दर वेळी निकाल सुचवला होता. या वेळी आबा म्हणाले, “थोरल्या, धाकट्याची तक्रार तू सांग.”

“त्याला माझी जमीन खायचीय.”

“न्हाई, त्याची तक्रार. त्याला पटंल अशी.”

थोरल्यानं दोनदा चुकीची सांगितली. तिसऱ्यांदा खाली बघून म्हणाला, “मी भर घातल्यापासनं ह्याच्या सोयाबीनमधी पाणी तुंबतंय. दोन सालं बी हाती आलं न्हाई.”

“हो,” धाकटा म्हणाला. मग त्याची पाळी आली. बांध कोरला म्हणून थोरल्याच्या वावरातली माती धुऊन जाते, हे त्याला भावाच्या बाजूनं सांगावं लागलं, आणि ते सांगताना तोही अडखळला.

बांधाचा वाद काही मिटला नाही. सरकारी मोजणीचा अर्ज मागं घ्यायला धाकटा तयार नव्हता, आणि आबांनीही तसा आग्रह धरला नाही. ठरलं ते एवढंच: पावसाच्या आधी बांधाच्या कडेनं पाण्यासाठी चारी काढायची, अर्धी एकानं, अर्धी दुसऱ्यानं.