दुःख सुरेल होते तेव्हा

इटलीतील जेनोआ शहरातल्या तीन तरुणांनी १९७२ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव 'लात्ते ए मिएले', म्हणजे दूध आणि मध. मुद्रिकेचे नाव 'पास्सिओ सेकुंदुम मात्तेउम', म्हणजे मत्तयनुसार दुःखसहन. शेवटचे भोजन, गेथशेमाने, खटला, कालवारी असे टप्पे घेत ती प्रभूची कथा सांगते. तीत ऑर्गन आणि समूहगान आहे, तशीच विजेची गिटार आणि ड्रमही आहेत. आज ती मोजक्या रसिकांनाच ठाऊक आहे. २०१४ साली तिची पूर्ण आवृत्ती निघाली. म्हणजे तो केवळ तारुण्याचा उत्साह नव्हता.

इतक्या पवित्र विषयाला ढोलताशांचा गदारोळ शोभतो का, असा प्रश्न कुणीही विचारील. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली उपासनेतून पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये वर्ज्य केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनचा मान राखूनही, पवित्र कार्यास योग्य ठरतील अशा इतर वाद्यांना दार उघडले. ही मुद्रिका तर मिस्साविधीसाठी नव्हे, केवळ श्रवणासाठी आहे. शिवाय ऑर्गनचा पूर्वज असलेले जलवाद्य रोमन साम्राज्यात ग्लॅडिएटरांच्या झुंजींच्या वेळी वाजत असे. वाद्य जन्मतः पवित्र नसते. ज्या कामी ते लागते, त्यातून त्याला पावित्र्य येते.

खरा प्रश्न याहून अवघड आहे. एका निरपराध माणसाचा छळ ऐकताना आपल्याला आनंद का व्हावा? संत आगुस्तीन यांनी 'कन्फेशन्स'मध्ये हे कोडे दोनदा मांडले आहे. रंगभूमीवरील दुःख पाहून प्रेक्षक रडतो आणि त्या रडण्याचे सुख घेतो. मदतीला धावण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर नसते. पुढे देवळातील गायनाविषयी ते म्हणतात, की गायिलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले, तर तो आपला अपराध होय. तरीही दुबळ्या मनाला भक्तीकडे नेणारे गायन चालू राहावे, असाच त्यांचा कौल आहे.

हा निकष गिटारला लागतो तसा बाखच्या थोर रचनेलाही लागतो. उलट, परिचित सुरांत तो धोका जास्तच. सवयीचा हुंदका आपण भक्ती समजून बसतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात दुःखसहनाची कथा सव्विसाव्या अध्यायापासून सुरू होते. त्याच्या अगदी आधी, पंचविसाव्याच्या शेवटी, भुकेलेले, आजारी, उघडे आणि बंदिवान आहेत, आणि प्रभू स्वतःला त्यांच्यात मोजतो. हा क्रम आपण विसरू नये. मुद्रिका संपल्यावर आपण शेजारच्या आजाऱ्याच्या दारी गेलो, तर ते संगीत पवित्र झाले. नाहीतर आपण फक्त एका सुंदर दुःखाचे प्रेक्षक उरलो.