स्मरण आणि सत्य

२ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि घरी परतल्यावर आजोबांच्या कष्टांच्या आठवणी काढतो. त्यांच्या तापटपणापायी आजीने किती आसवे गिळली, आत्याची शाळा कशी सुटली, याविषयी मात्र कुणी बोलत नाही. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत, असे आपण मानतो.

मग आपण त्यांच्यासाठी मिस्सा का अर्पण करतो? निर्दोष माणसाला आपल्या प्रार्थनेची गरज ती कोणती? शुद्धिस्थानावरील श्रद्धेतच मृतांच्या अपूर्णतेची कबुली आहे.

संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे निवर्तल्या. ‘कन्फेशन्स’च्या नवव्या भागात संत ऑगस्टीन आईची थोरवी सांगतात, पण लहानपणी तिला लागलेली मद्याची चटकही लपवीत नाहीत आणि तिच्या अपराधांची देवाकडे क्षमा मागतात. त्यामुळे या पुत्राचे प्रेम उणावत नाही.

दोष उगाळणे वेगळे, ते प्रभूच्या चरणी ठेवणे वेगळे. आजोबांना देवमाणूस ठरवले, तर आत्याचे दुःख खोटे ठरते. आणि जे घडलेच नाही म्हणायचे, त्याची क्षमा कोण कशी करणार? आत्या हयात आहे तोवर तिचे म्हणणे ऐकून घेऊ या. मग आजोबांसाठी सारे मिळून गुडघे टेकू या.