कर्ज कोणाचं, फेड कोणाची?

‘घेतलेलं फेडायचं असतं’ हे आमच्या घरातलं पहिलं अर्थशास्त्र. बाबांनी घराचं कर्ज मुदतीच्या दोन वर्षं आधी फेडलं, तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटले होते. त्यामुळे एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याची बातमी वाचली, तेव्हा मनात आलं ते बाबांचंच वाक्य: झेपत नव्हतं, तर घेतलं कशाला?

तेव्हा आमच्या टीममध्ये कोलंबोचा एक मुलगा होता. त्याच्याकडे दिवसात तेरा-तेरा तास वीज नसायची. मीटिंगमधून मध्येच गायब व्हायचा आणि परत आला की सॉरी म्हणायचा. मी एकदा त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, “मी कुठे घेतलं?”

तेव्हा ही पळवाट वाटली. लोकशाहीत सरकार आपणच निवडतो ना? २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे यांनी करकपातीचं आश्वासन दिलं, लोकांनी मतं दिली आणि व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आला. तिजोरी रिकामी होणारच होती. मग कोविडने पर्यटन बंद पाडलं. २०२१ मध्ये सरकारने एका फटक्यात रासायनिक खतांची आयात थांबवली, त्यात शेती बसली. म्हणजे मतदारांची जबाबदारी शून्य नाही.

पण देणाऱ्यांचं काय? त्याआधीची कित्येक वर्षं श्रीलंकेची सरकारं आंतरराष्ट्रीय बाजारात चढ्या व्याजाने रोखे विकत होती. ते घेणारे भोळे नव्हते. व्याज चढं असतं ते पैसे बुडण्याची शक्यता असते म्हणूनच. जोखमीचा मोबदला आधी घ्यायचा आणि जोखीम खरी ठरली की पूर्ण वसुली मागायची, हे दोन्ही एकदम न्याय्य कसं?

जुलै २०२२ मध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. तिथल्या पूलमध्ये पोहणारी पोरं तुम्हीही फोनवर पाहिली असतील. गोटाबाया पळाले. पुढचा राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडला. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्यासोबत कर वाढले, वीजदर वाढले. त्याच महिन्यात स्थानिक निवडणुका व्हायच्या होत्या. तिजोरीत पैसे नाहीत म्हणून त्या पुढे ढकलल्या गेल्या. पुढच्या वर्षी तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली, तेव्हा बँका वगळल्या आणि भार आला नोकरदारांच्या प्रॉव्हिडंट फंडावर.

२०२४ च्या निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके जिंकले. पाच वर्षांपूर्वी त्यांना जेमतेम ३ टक्के मतं होती. नाणेनिधीशी नव्याने बोलू, असं ते प्रचारात सांगत होते. सत्तेत आल्यावर कार्यक्रम बहुतांशी तोच चालू राहिला. मी त्यांना दगाबाज म्हणणार नाही. पेट्रोल आणि औषधं डॉलरमध्येच येतात. पण मग मत देऊन लोकांनी नेमकं काय ठरवलं? खुर्चीत कोण बसणार, एवढंच?

यावर एक रास्त आक्षेप आहे. कर्जं बुडायला लागली तर उद्या गरीब देशांना कोणी उभं करणार नाही. मान्य. पण ‘फेडूच नका’ आणि ‘निमूट फेडा’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि ती आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी सापडली होती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली. वाढलेला शेतसारा हे एक कारण होतंच. दुसरं होतं अमेरिकेतलं यादवी युद्ध. ते चालू असताना इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज उरलं. पुढे १८७९ च्या कायद्याने कोर्टाला मुभा दिली, की कुळाने सही केलेला कागद शेवटचा मानू नका. व्यवहार मुळापासून तपासा, मुद्दल किती, व्याज किती ते बघा. इंग्रजांना शेतकऱ्यांचा फार पुळका होता अशातला भाग नाही. पण सहीमागचा हिशेब तपासता येतो, हे तत्त्व मान्य झालं.

आज कंपनी बुडाली तर दिवाळखोरीचं कोर्ट असतं. देशांसाठी असं कोर्ट जगात कुठेच नाही. धनकोंशी एकेक करून वाटाघाटी करायच्या, तेही घरात औषधं संपलेली असताना. माझ्या मते अन्याय कर्ज फेडायला लागण्यात नाही. हिशेब तपासणारा तिऱ्हाईत कोणीच नसण्यात आहे.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “फेडायचं तर असतंच. पण आमच्या कर्जावर माझी सही होती.”

कोलंबोचा तो मुलगा आता मेलबर्नला असतो. त्याचा प्रॉव्हिडंट फंड अजून तिकडेच आहे.